छायाचित्राचा धनी एकच काय?

वेषभूषेचें एखादें छायाचित्र नांवाजलें, कीं त्याचें सारें श्रेय छायाचित्रकाराच्या पदरांत टाकण्याची रूढि पडली आहे. आम्हांस ती अन्यायाची वाटते. 'हार्पर्स बझार' या अमेरिकन मासिकाचें मार्च १९४३ चें मुखपृष्ठ पाहा. लुईज डाल-वुल्फ यांनीं टिपलेल्या त्या चित्रानें १८ वर्षांच्या लॉरेन बकॉल हिला हॉलिवुडचा दरवाजा उघडून दिला. परंतु त्या नवख्या मुलीस पारखून डाल-वुल्फ यांच्या स्टुडिओंत नेणारी नजर वेषसंपादिका डायना व्ह्रीलंड यांची होती! आज तेंच काम करणारांस स्टायलिस्ट म्हणतात.

कोणी म्हणेल, कळ दाबणारा तोच कर्ता. आम्ही विचारतों, कोणता पोषाख, कोणाच्या अंगावर, कोठें टाचणी लावून बेतावयाचा, हें ठरल्यावांचून भिंगापुढें उरतें काय? उलट, प्रकाश जाणणाऱ्या डोळ्यावांचून उंची रेशीमही चिंधीच होय, हेंही आम्ही नाकारीत नाहीं. हा संसार दोघांचा आहे. त्यांत मतभेद खुशाल व्हावेत. त्यांतूनच चित्र उजळतें. मात्र ग्रंथांत व प्रदर्शनांत दोन्ही नांवें सारख्याच अक्षरांत झळकलीं पाहिजेत. ही मेहेरबानी नव्हे, साधी सचोटी आहे.