दुकान बुडते, घरही जाते!

नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये एखाद्या मोठ्या कारखान्याचे गेट बंद झाले की बातमी होते. युनियन रस्त्यावर येते, मंत्री निवेदन स्वीकारतात. परंतु त्याच कारखान्याच्या जिवावर लेथ, ड्रिलिंग मशीन, बेअरिंग, बेल्ट आणि कटिंग टूल विकणाऱ्या दुकानाचे शटर उतरते तेव्हा कुणालाच पत्ता लागत नाही. चार महिन्यांनी त्या गाळ्यावर मोबाईलच्या दुकानाची पाटी लागते, एवढेच! हा धंदा का बुडतो आणि बुडाल्यावर त्या माणसाचे काय होते, याचा विचार चळवळीने करण्याची वेळ आली आहे. कारण या गाळ्यांमध्ये आता आपलीही पोरे बसलेली आहेत.

नाशिकच्या औद्योगिक वसाहतींचा गाडा मोजक्या मोठ्या कंपन्यांवर चालत आला. मायको, म्हणजे २००८ पासूनची बॉश, आणि महिंद्रा ही त्यांतली ठळक नावे. त्यांच्याभोवती व्हेंडर, व्हेंडरभोवती दोन-तीन मशीनवर जॉबवर्क करणारे, आणि या सर्वांना यंत्रे व सुटे भाग उधारीवर पुरवणारे विक्रेते अशी ही उतरंड आहे. उतरंडीत वरचे मडके हलले की खालचे फुटते. २०१९ मध्ये वाहनविक्री घसरली तेव्हा महिंद्रा आणि बॉश या दोन्ही कंपन्यांनी आपल्या कारखान्यांत ‘उत्पादनबंद दिवस’ जाहीर केले. कंपनीसाठी तो साठा कमी करण्याचा उपाय होता. जॉबवर्कवाल्यासाठी तो मशीनचा थकलेला हप्ता होता आणि मशीन विकणाऱ्यासाठी ती बुडीत उधारी होती. पाठोपाठ मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा हे प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले. डिझेल इंजिनाच्या जुन्या पद्धतीच्या भागांवर ज्यांचे पोट होते त्यांचे कामच बदलले.

जिल्ह्याची दुसरी बाजू शेतीची. ट्रॅक्टर, द्राक्षबागेचे ब्लोअर, फवारणी पंप आणि ठिबकचे सामान विकणारी दुकाने पिंपळगाव बसवंत, निफाड, लासलगावच्या बाजारावर जगतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली आणि १४ नोव्हेंबरपासून जिल्हा बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. शेतकऱ्याचा पैसा जिथे होता तीच बँक आखडली. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आले आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी झाली. ती मे २०२४ मध्ये उठली, परंतु तोपर्यंतचा हंगाम गेला तो गेलाच. दिल्लीत एक अधिसूचना निघते आणि निफाडमधल्या अवजारांच्या दुकानदाराची वसुली थांबते. हा संबंध शेतकऱ्यांच्या चर्चेतही येत नाही आणि व्यापाऱ्यांच्याही येत नाही.

आता धंद्याच्या आतले गणित पाहा. विक्रेता माल आणतो तो बँकेच्या कॅश क्रेडिटवर. त्याला तारण असतो दुकानातला साठा आणि बाजारातली येणी. सामान्यतः नव्वद दिवसांवरची थकलेली येणी बँक हिशेबात धरत नाही. म्हणजे मंदी येते, गिऱ्हाईक पैसे थकवते, आणि नेमक्या त्याच वेळी बँक त्याची उचल कमी करते! जुलै २०१७ पासून जीएसटी आला. बिल फाडले की कराचा हिशेब लागू झाला, मग गिऱ्हाईकाचे पैसे आलेले असोत वा नसोत. मालाच्या कंपनीला दिलेला चेक परत गेला तर कलम १३८ खाली हाच माणूस आरोपी. ज्याने त्याचे पैसे बुडवले तो मोकळा, आणि ज्याचे बुडाले तो कोर्टाच्या आवारात!

कायदा काहीच करत नाही काय? करतो, परंतु याच्यासाठी नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात ४५ दिवसांत देणे चुकते करण्याचे बंधन आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आहे. उत्पादकाला हा कायदा आहे, जरी ऑर्डर तुटण्याच्या भीतीने तो तक्रार करत नसला तरी. यंत्रविक्रेता मात्र ‘व्यापारी’ ठरतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांना उद्योगाच्या नोंदणीत घेतले खरे, परंतु लाभ दिला तो केवळ प्राधान्य क्षेत्रातील कर्जाचा. म्हणजे कर्ज काढण्यापुरता तो उद्योजक, वसुली करायला गेला की व्यापारी! दिवाळखोरी संहितेचा दरवाजा ठोठवायचा तर मार्च २०२० पासून थकबाकीची किमान मर्यादा १ लाखावरून १ कोटीवर गेली आहे. दहा-वीस लाख अडकलेल्या दुकानदाराने जायचे कुठे?

आणि तो स्वतः बुडाला तर? मोठी कंपनी बुडते तेव्हा तिच्यासाठी न्यायाधिकरण आहे, तज्ज्ञ आहेत आणि कर्जावर सोडले जाणारे ‘पाणी’ही आहे. एकट्याच्या नावावर दुकान चालवणाऱ्यासाठी त्याच संहितेतला वैयक्तिक दिवाळखोरीचा भाग अजून लागू झालेला नाही. त्याच्या वाट्याला इंग्रजांच्या काळातला १९२० चा कायदा आहे. बँकेला मात्र २००२ चा सरफेसी कायदा आहे. साठ दिवसांची नोटीस, आणि मग तारण ठेवलेले घर ताब्यात. जप्तीतून शेतकऱ्याचे आणि मजुराचे राहते घर वगळण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. छोट्या दुकानदाराच्या घराला तेवढेही संरक्षण नाही.

इथे जात आडवी येते, हे लक्षात घेतले पाहिजे. मंदी सर्वांनाच येते, परंतु सर्वच सारखे बुडत नाहीत. पिढीजात व्यापारी जातीतला माणूस पडतो तेव्हा त्याच्या मागे गोत उभे असते. मामा माल देतो, चुलता बिनव्याजी रक्कम देतो, आणि दोन वर्षांनी दुसऱ्या नावाने पेढी उघडते. आपल्या पहिल्या पिढीच्या धंदेवाल्याची पत म्हणजे बापाची ग्रॅच्युइटी आणि हप्त्यावर घेतलेले घर. ते एकदा गेले की दुसरा डाव नाही. चाळीस वर्षांच्या नोकरीने कमावलेले एका मंदीत जाते आणि कुटुंब पुन्हा भाड्याच्या खोलीत येते.

‘नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा’ ही घोषणा आपण बरीच ऐकली. २०१२ च्या धोरणाने केंद्र सरकारच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के वाटा ठरवला. एप्रिल २०१६ मध्ये ‘स्टँड-अप इंडिया’ आली, १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्जाची. या योजना वाईट होत्या असे नाही. परंतु त्या सर्व धंद्यात शिरण्यासाठी होत्या. पडणाऱ्याला सावरण्यासाठी त्यांत काय होते? पोराला विहिरीत उतरवायला दोर आहे, वर काढायला नाही!

बाबासाहेबांनी १९१८ मध्येच भारतातील लहान शेतजमिनींवरील निबंधात दाखवून दिले होते की, खरा प्रश्न जमिनीच्या तुकड्याच्या आकाराचा नाही. तो कसायला लागणारे भांडवल आणि अवजारे नाहीत, हा आहे. तोच विचार गाळ्याला लावा. दुकान लहान आहे म्हणून ते बुडत नाही. वाईट दिवस काढता येतील एवढे भांडवल पाठीशी नाही, म्हणून ते बुडते.

म्हणूनच मागण्या स्पष्ट असाव्यात. ४५ दिवसांचा कायदा छोट्या विक्रेत्यांनाही लागू करा. वैयक्तिक दिवाळखोरीचा भाग लागू करा आणि त्यात एक राहते घर सुरक्षित ठेवा. मागासवर्गीय उद्योजकांच्या प्रत्येक कर्जयोजनेत मंदीच्या काळासाठी हप्ते थांबवण्याची तरतूद आधीच लिहून ठेवा. आणि सरकारकडे बोट दाखवताना आपणही काही करू या. एकाच गिऱ्हाईकावर धंदा उभारू नका, घर तारण ठेवण्याआधी जाणत्याला विचारा, आणि आपल्या पतसंस्थांनी जयंती आणि लग्नाच्या कर्जांबरोबर अडलेल्या धंदेवाल्यासाठी वेगळा निधी काढावा. खासगीकरणाने नोकऱ्या गेल्या तेव्हा चळवळ लढली. त्या नोकरीच्या शेवटच्या पैशातून उभे राहिलेले दुकान आज बुडत असताना तिने गप्प राहू नये.