परसबाग : बिरड्याचा वाल

आब महिन्याच्या नवव्या दिवसाचा उपवास आपल्या वाडवडिलांनी कोकणात ‘बिरड्याचा सण’ या नावाने पाळला. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहिलेल्या आणि १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या समाजाच्या इतिहासातही त्या सणाची नोंद आहे. यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोकदिन एका कडधान्याच्या नावाने ओळखला जावा, ही गोष्ट परक्यास विचित्र वाटेल. ज्यांनी अलिबाग-पेणकडील वालाची शेते पाहिली आहेत त्यांस ती वाटणार नाही. सांप्रत आपल्या मुलांना सणाचे नाव ठाऊक असते, परंतु वालाचा वेल कसा दिसतो हे त्यांतील थोड्यांनाच माहीत असेल. म्हणून या वेळी वालाविषयी लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

येथे वाल लावून निराश झालेली कुटुंबे पुष्कळ आहेत. तक्रार बहुधा एकच असते : वेल दहा-बारा फूट चढला, पाने हिरवीगार झाली, परंतु ऑगस्ट सरत आला तरी फूल नाही, पुढे फुले आली, शेंगा धरू लागल्या, तोच दहिवर पडून एका रात्रीत सारा वेल काळा पडला. दोष मातीस दिला जातो, खतास दिला जातो. आमच्या मते दोष दोहोंचाही नाही. खरे कारण दिवसाच्या लांबीत आहे.

कोकणात भाताची कापणी झाली की शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. तो काळ नोव्हेंबरचा. दिवस सुमारे अकरा तासांचा. वालाच्या जुन्या जाती लहान दिवसाच्या आहेत. रात्र मोठी झाली म्हणजेच त्यांस फुले येतात. न्यूयॉर्क व न्यू जर्सीकडे जूनमधील दिवस पंधरा तासांचा असतो. मेमध्ये पेरलेला वेल उन्हाळाभर केवळ पाने वाढवितो आणि दिवस आखूड होऊ लागल्यावर फुलांकडे वळतो. मग दहिवर येईपर्यंत जे थोडे आठवडे उरतात, त्यांतच शेंग भरली पाहिजे. उत्तर जर्सीच्या डोंगराळ भागात दहिवर ऑक्टोबरच्या प्रारंभीच पडू शकते. समुद्राजवळ ते बरेच उशिरा येते. त्यामुळे एकाच राज्यात एकास वाल मिळतो व दुसऱ्यास मिळत नाही.

यावर उपाय असा की, फुलांची वेळ येईल तेव्हा वेल मोठा व बळकट असावा. एप्रिलच्या मध्यास बी रात्रभर भिजवून घरातच लहान कुंड्यांत लावावे आणि मेच्या अखेरीस, रात्रीचा गारठा सरल्यावर, मुळे न दुखविता बाहेर न्यावे. भारतीय वाण्याच्या दुकानातील अखंड वाल ताजा असेल तर त्यासही कोंब फुटतो. ज्या वालाला बिरड्यासाठी मोड येतो तो मातीतही उगवतो. खत बेताने द्यावे, कारण कडधान्याची मुळे हवेतील नत्र स्वतःच साठवितात. अधिक खताने पानेच माजतात. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने ‘अर्का जय’ व ‘अर्का विजय’ या दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसलेल्या झुडपी जाती काढल्या आहेत. क्वीन्समधील सज्जाच्या कुंडीस त्या सोयीच्या. मात्र भारतातून पेरणीचे बी आणावयाचे तर येथील कृषी खात्याचे नियम आहेत व रोगमुक्तीचा दाखला लागतो. ते सामानात दडवून आणू नये.

जुलैत जपानी भुंगा येतो. १९१६ साली न्यू जर्सीतील रिव्हर्टनजवळ तो या देशात प्रथम सापडला, म्हणजे तोही स्थलांतरितच! सकाळच्या गारव्यात तो सुस्त असतो. त्या वेळी वेल झटकून त्यास साबणाच्या पाण्यात पाडावे.

सुक्कोथ येतो तेव्हा वेल फुलांनी लवलेला असतो आणि तो सुक्क्यावर चढविण्याचा मोह होतो. तो आवरावा. जमिनीत मूळ असलेल्या वेलाचे छत चालत नाही, असे मिश्नात स्पष्ट आहे. छतासाठी तो तोडावा लागेल आणि वर्षाचे पीक हातचे जाईल. भिंतीस मात्र उभी झाडे चालतात. म्हणून भिंतीच्या बाजूने वेल सोडावा आणि वर मक्याची कापलेली धाटे घालावीत. वेलही राहतो, सुक्काही नियमास धरून होतो.

अमेरिकन लोक वालाचा जांभळा वेल फुलांसाठी लावतात. व्हर्जिनियात थॉमस जेफरसन यांच्या मॉन्टिसेलो येथील भाजीच्या मळ्यातही तो मांडवावर चढवितात. फुलझाडांच्या दुकानातील ते बी पेरण्यासाठी घ्यावे, खाण्यासाठी नव्हे, कारण त्यास कधी कधी औषध चोळलेले असते. आणखी एक सांगणे आवश्यक आहे : वाळलेला वाल कच्चा खाणे विषारी आहे. भिजवून, मोड आणून, सोलून तो पुरता शिजवावा. न सोललेला उकडल्यास पहिले पाणी टाकून द्यावे. लहान मुले अंगणात खेळत असतील त्या घरी हे विसरून चालणार नाही.

आब महिना येथे ऐन उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये येतो. त्या वेळी वेलावर शेंग नसणारच. परंतु बिरडे वाळल्या वालाचेच होते, तेव्हा या ऑक्टोबरचा वाल पुढच्या आबासाठी. शेंगा वेलावरच कागदासारख्या होऊ द्याव्यात. दहिवराची सूचना मिळाली तर भरलेल्या शेंगांसह वेल मुळासकट उपटून तळघरात उलटा टांगावा. दाणा पूर्ण वाढलेला असल्यास तो आत वाळतो, कोवळ्या शेंगांची भाजी त्याच दिवशी करावी. रायगडकडे थंडीत याच शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात कोंबून पोपटी लावतात. भांबुर्डा येथे मिळत नाही, तो विषय येथेच सोडू.

दाणे दातांखाली कडक लागेपर्यंत वाळवावेत. कोकणात राख लावून ठेवीत. येथे पूर्ण वाळलेले दाणे घट्ट झाकणाच्या बरणीत भरून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवले की किडीची अंडी मरतात. पेरणीचे बी निराळ्या बरणीत काढावे, सर्वांत आधी वाळलेल्या शेंगांतील घ्यावे, म्हणजे वर्षानुवर्षे वेल लवकर फुलणारा होत जातो. बरणीवर इब्री वर्ष व इंग्रजी वर्ष दोन्ही लिहावीत.