फिल्टर बदला, पण गावाला सांगा



अणुकेंद्रातले पंखे नि फिल्टर बदलायला पर्यावरणाची तपासणी कशाला, असं काही जण विचारतात. नवी अणुभट्टी असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होते. कैगाच्या ५ व ६ क्रमांकाच्या भट्ट्यांसाठी ती २०१८ मध्ये झाली. जुन्या पंख्याच्या जागी तसाच नवा बसवायला एवढा खटाटोप नको, हे मलाही पटतं.

पण हा घरातला पंखा नव्हे. किरणोत्सारी धूळ फिल्टरमध्ये अडकते, म्हणजे काढलेला फिल्टर हाच कचरा. तो कुठे ठेवणार? काम चालू असताना आतली हवा कोणत्या वाटेने सोडणार? आणि तो हातात धरणारा कंत्राटी मजूर कोण? अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या भूमिगत अणुकचरा साठ्यात फेब्रुवारी २०१४ मध्ये एक पिंप तापून फुटलं. हवा फिल्टरकडे वळवली खरी, पण झडपांच्या फटीतून थोडी तशीच बाहेर गेली. झडप ही किरकोळ वस्तूच की हो!

अशा तपासणीत स्थानिकांना आधीपासून सोबत घ्यावं, असं पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’मध्ये मांडलंय. सुनावणी नको, निदान दोन पानांचं टिपण सोप्या कन्नडमध्ये पंचायतीच्या फळ्यावर लावा.

कैगा लांब आहे म्हणाल, तर यादगीर जिल्ह्यातलं गोगी लांब नाही. तिथे जमिनीत युरेनियम सापडलंय. खाण झालीच, तर रेडॉन वायू बाहेर फेकणारे पंखे आपल्याच शेजारच्या शिवारात फिरतील.

— एक निवृत्त शिक्षक, बिदर