मागच्या दिव्यातलं पाणी या आठवड्यातच काढा

गाडीच्या मागच्या लाल दिव्यात पाणी साचलेलं दिसत असेल, तर कृपा करून पाऊस ओसरण्याची वाट पाहू नका. आंबोलीत किंवा ताम्हिणीत धुकं उतरलं की मागून येणाऱ्याला तुमची गाडी दिसत नाही, तो दिवा तेवढा दिसतो. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. तुम्ही ब्रेक दाबलात आणि दिवा लागलाच नाही, तर मागच्याने काय करायचं? मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसावा, असा नियमच आहे.

काचेला आतून हलकी वाफ धरते आणि दिवे थोडा वेळ लावून ठेवले की निघून जाते, त्याची काळजी नको. मोठे थेंब ओघळत असतील, तळाशी पाणी हलत असेल, तर मात्र गळती आहे. काचेला बारीक तडा गेलेला असतो, जोड सुटलेला असतो, नाहीतर दिवा आणि पत्रा यांच्यामधलं गॅस्केट कडक होऊन चेपलेलं असतं. या गॅस्केटचं दुखणं सर्वांत वाईट, कारण पाणी थेट डिकीत उतरतं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात साचून पत्रा खातं. डिकीला कुबट वास येतो का? आजच मॅट उचलून बघा. आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा, डिकी बंद करून दिव्यावर पाइपने पाणी सोडा. कागद जिथे भिजेल, तिथून माग काढा.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मिणमिणत असेल, तर होल्डर किंवा अर्थिंग गंजल्याचा दाट संशय घ्या. पुढे फ्यूज उडू शकतो. एलईडी दिव्यात पाणी सर्किटपर्यंत पोचलं, तर बहुतेक गाड्यांत पूर्ण दिवाच बदलावा लागतो, आणि तो खर्च हजारांत जातो. गॅस्केट त्यामानाने फारच स्वस्त.

गॅरेजवाल्या बंधूंना कळकळीची विनंती: ओल्या दिव्यावर सिलिकॉन फासून गाडी परत देऊ नका. आत अडकलेलं पाणी होल्डर कुजवत राहतं. आधी दिवा काढा, बल्ब आणि होल्डर बाहेर घ्या, आतून पूर्ण वाळवा, हिरवट पडलेली टोकं साफ करा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याला गंजवतं, म्हणून न्यूट्रल प्रकारचंच वापरा. वाफ बाहेर जाण्यासाठी कंपनीने ठेवलेलं छिद्र मात्र कधीही बुजवू नका. तळाला ड्रिलने भोक पाडून पाणी काढण्याचा उपायही सोडून द्या. त्याच भोकातून चाकाने उडवलेलं पाणी आणि चिखल आत शिरतो.

काच फुटून आतला बल्ब उघडा पडला असेल, तर मागच्याला लालऐवजी पांढरा उजेड दिसतो आणि गाडी मागे येते आहे असं वाटतं. लाल पारदर्शक टेप गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतीच लावा.

आज संध्याकाळी घरातल्या कुणाला तरी गाडीमागे उभं करा आणि ब्रेक, इंडिकेटर, पार्किंगचे दिवे एकेक करून लावून बघा. सिग्नलला पुढच्या गाडीचा दिवा बंद दिसला, तर काच खाली करून त्या चालकाला जरूर सांगा. बसल्या जागेवरून त्याला तो दिसत नाही.