कागद जळतो, स्कॅन बदलतो: माजलगावच्या निमित्ताने समजून घ्या 'व्हर्जन कंट्रोल' आणि 'रिबेस'

३० ऑक्टोबर २०२३. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला हिंसक वळण लागलं आणि बीड जिल्ह्यातल्या माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचं घर पेटवण्यात आलं. त्याच दिवशी माजलगाव नगरपरिषदेच्या इमारतीलाही आग लावली गेली.

दुसऱ्याच दिवशी मुंबईत राज्य मंत्रिमंडळाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचा पहिला अहवाल स्वीकारला. मराठवाड्यातले सुमारे १ कोटी ७२ लाख दस्तावेज तपासून समितीला ११,५३० कुणबी नोंदी सापडल्या होत्या.

म्हणजे इकडे एका गावाची कचेरी पेटली होती आणि तिकडे जुन्या कागदातली एकेक ओळ माणसांचं शिक्षण-नोकरीतलं भविष्य ठरवणार होती. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, गाव नमुना १४... ज्यांची नावंही आपल्या पिढीने ऐकली नव्हती, त्या नोंदवह्या अचानक व्हॉट्सॲपवर फिरायला लागल्या. नोंदींचे स्कॅन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकले गेले. आणि पाठोपाठ आरोपही आले. जुन्या कागदांवर खाडाखोड करून नव्याने 'कुणबी' लिहिलं जातंय, असं ओबीसी नेत्यांनी जाहीरपणे म्हटलं.

आरक्षणाच्या बाजूने किंवा विरोधात बोलण्याची ही जागा नाही. आपला प्रश्न त्याच्या आधीचा आहे. कागद जळू शकतो म्हणून स्कॅन केला, ठीक. पण आज संकेतस्थळावर दिसणारी फाइल सहा महिन्यांपूर्वी टाकलेलीच आहे, मधे कुणी बदललेली नाही, हे कसं ओळखायचं?

सॉफ्टवेअरवाल्यांनी हा प्रश्न बऱ्यापैकी सोडवलाय. त्याला म्हणतात व्हर्जन कंट्रोल. आणि गंमत म्हणजे, त्यातली मूळ कल्पना माजलगावच्या कुठल्याही शेतकऱ्याला आधीच माहिती आहे.

फेरफार म्हणजे आपलं जुनं व्हर्जन कंट्रोल

जमीन विकली, वाटणी झाली किंवा वडील वारले, तर तलाठी काय करतो? (२०२४पासून पदाचं नाव 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय, पण गावात अजून तलाठीच म्हणतात.) तो थेट सातबाऱ्यावरचं नाव पुसून नवं लिहीत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घेतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मग सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस होतो, नवं नाव येतं आणि शेजारी फेरफार क्रमांक.

जुनं नाव दिसत राहतं. कुणी, कधी, कशाच्या आधारावर बदललं, हे त्या क्रमांकावरून मागे मागे जात शोधता येतं. २०२५च्या 'जिवंत सातबारा' मोहिमेतही मृत खातेदारांची नावं नुसती उडवायची नव्हती. वारसांच्या नोंदीचा रीतसर फेरफार घ्यायचा होता.

सातबारा म्हणजे आजची स्थिती. फेरफार नोंदवही म्हणजे इतिहास. व्हर्जन कंट्रोल म्हणजे प्रत्येक फाइलला फेरफार नोंदवही जोडणं. ते नसेल तर काय होतं, हे कॉलेजात ग्रुप प्रोजेक्ट केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे: 'रिपोर्ट फायनल', 'रिपोर्ट फायनल २', 'रिपोर्ट खरंच फायनल'.

गिट नेमकं काय करतं?

आज जगात सर्वाधिक वापरली जाणारी व्हर्जन कंट्रोल प्रणाली म्हणजे गिट. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ती एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतली, कारण लिनक्सचे प्रोग्रामर वापरत असलेल्या 'बिटकीपर' या सॉफ्टवेअरचा मोफत परवाना काढून घेण्यात आला होता.

गिटमध्ये प्रत्येक बदलाची नोंद होते. तिला कमिट म्हणतात. हाच आपला फेरफार. फरक इतकाच, की फेरफाराला १, २, ३ असा क्रमांक मिळतो आणि कमिटला मिळतो ४० अक्षरी ठसा, म्हणजे हॅश. हा ठसा गणिताने निघतो आणि त्याच्या हिशोबात फाइलींचा मजकूर, बदलणाऱ्याचं नाव, तारीख, शेरा आणि आधीच्या कमिटचा ठसा, असं सगळं धरलेलं असतं.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. प्रत्येक नोंदीच्या पोटात आधीच्या नोंदीचा ठसा आहे. त्यामुळे कुणी मधल्या एका नोंदीत एक काना-मात्रा जरी बदलली, तरी तिचा ठसा बदलतो, मग तिच्या पुढचीचा, आणि असं करत शेवटपर्यंत सगळे ठसे बदलतात. गुपचूप खाडाखोड करता येत नाही. करायचीच तर पुढचं सगळं पुन्हा लिहावं लागतं, आणि ज्याच्याकडे जुनी प्रत आहे त्याला ते लगेच दिसतं.

हे कायद्यासाठीही वापरलं गेलंय. अमेरिकेत वॉशिंग्टन डीसीच्या कौन्सिलने आपले कायदे गिटहबवर ठेवले. २०१८ मध्ये जोशुआ टॉबरर या नागरिकाला त्यात एक छापील चूक दिसली. त्याने दुरुस्ती सुचवली, ती मान्य झाली. कुणी सुचवली, कुणी मान्य केली, हे सगळं आजही नोंदीत आहे.

मग सगळे स्कॅन गिटमध्ये का टाकत नाहीत?

कारण गिट बनलंय मजकुरासाठी. प्रोग्रामची फाइल काही केबींची असते आणि दोन आवृत्त्यांत चार ओळींचा फरक असतो. गिट तो फरक ओळखून जागा वाचवतं.

स्कॅनचं तसं नाही. ए-फोर आकाराचं पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलं, तर कच्चं चित्र सुमारे २६ एमबीचं होतं. जेपीईजी किंवा पीडीएफ केलं की आकार खूप कमी होतो, पण आधीच दाबून बसवलेल्या फाइलीत दोन आवृत्त्यांमधला फरक गिटला नीट पकडता येत नाही. पान जरा सरळ करून पुन्हा साठवलं, तरी जवळपास अख्खी नवी फाइल साठते.

आता हिशोब करा. समितीने तपासलेल्या १ कोटी ७२ लाख दस्तावेजांचं प्रत्येकी एकच पान धरलं आणि पानाला फक्त १ एमबी, तरी १७ टेराबाइटच्या वर जातं. गिटचा स्वभाव असा, की साधारणपणे प्रत्येकाच्या संगणकावर पूर्ण इतिहासासकट प्रत उतरते. तहसीलच्या संगणकावर ते उतरवायचं म्हटलं, तर सिंदफणेला पूर येऊन ओसरेल, पण डाउनलोड संपणार नाही. गिटहब तर ५० एमबीच्या वरच्या फाइलला इशारा देतं आणि १०० एमबीच्या वरची घेतच नाही.

अजून एक फसगत इथे नेहमी होते. मोठी फाइल चुकून टाकली, लक्षात आल्यावर काढून पुढची कमिट केली. आता ती दिसत नाही. पण गेली कुठे? कुठेच नाही. इतिहासात आहे, जागा खाते आहे. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून फेरफार नोंदवहीचं पान फाटत नाही, तसंच.

यावरचा उपाय २०१५ मध्ये आला: गिट एलएफएस, म्हणजे लार्ज फाइल स्टोरेज. मोठी फाइल वेगळ्या गोदामात ठेवायची आणि गिटमध्ये फक्त तीन ओळींची चिठ्ठी: कुठल्या पद्धतीची चिठ्ठी आहे, मूळ फाइलचा ठसा काय, आकार किती. इथला ठसा एसएचए-२५६ पद्धतीचा, ६४ अक्षरी असतो. स्कॅन ५०० एमबीचा असो की ५ एमबीचा, चिठ्ठी शे-दीडशे बाइटचीच. गोदामातली फाइल कुणी बदलली, तर चिठ्ठीवरचा ठसा जुळत नाही.

हे वापरायचं असेल तर एक क्रम पाळा. कुठल्या प्रकारच्या फाइली एलएफएसमध्ये जाणार, हे आधी सांगायचं, मग फाइली टाकायच्या. उलटं केलं तर फाइल इतिहासात अडकते आणि बाहेर काढायला सगळा इतिहास पुन्हा लिहावा लागतो.

रिबेस: इतिहास 'सरळ' करण्याची सोय

आता खरा नाजूक भाग.

समजा, मोडी वाचणारी एक व्यक्ती सोमवारच्या यादीवरून काम सुरू करते आणि स्वतःच्या वेगळ्या शाखेत दहा नोंदींचं लिप्यंतर करते. तोवर मुख्य यादीत इतरांनी पाच नोंदी वाढवल्या. दोन्ही एकत्र आणायचे दोन मार्ग आहेत.

पहिला मर्ज. दोन वाटा जिथे मिळाल्या तिथे एक नवी नोंद करायची. झालं ते झालं तसं दिसतं, फक्त आलेख गुंतागुंतीचा होतो.

दुसरा रिबेस. त्या दहा नोंदी उचलायच्या आणि जणू काम आजच्या यादीवरूनच सुरू केलं होतं, अशा पद्धतीने एकेक करून पुन्हा लावायच्या. इतिहास सरळ रेषेत येतो, वाचायला छान. पण या दहा नोंदी 'त्याच' नसतात. आधीची नोंद बदलली म्हणून प्रत्येकीचा ठसा नवा. जुन्या बाजूला पडतात आणि काही काळाने साफ होतात.

स्वतःच्या संगणकावर, कुणाला दाखवण्याआधी, खुशाल रिबेस करा. कच्च्या वहीत खोडायला कुणाची ना नाही. पण जी शाखा इतरांनी घेतली आहे, जिच्यावर त्यांचं काम उभं आहे, ती रिबेस करून जबरदस्तीने वर चढवली, तर त्यांच्या हातातला इतिहास आणि सर्व्हरवरचा इतिहास वेगळा होतो. आयटी कंपन्यांत यावरून होणारी भांडणं ऐकायची असतील, तर पुण्यात नोकरी करणाऱ्या कुठल्याही मित्राला विचारा.

स्कॅन असतील तर अडचण वाढते. मजकुरात दोघांनी बदल केले, तर ओळीओळीने जुळवता येतं. एकाच पानाचे दोन स्कॅन असतील, तर चित्र अर्धं-अर्धं जोडता येत नाही. एक ठेवायचं, एक सोडायचं. त्यात रिबेस चालू असताना गिटच्या भाषेतलं 'अवर्स' म्हणजे मुख्य शाखेचं आणि 'देअर्स' म्हणजे तुमचं स्वतःचं, असा उलटा कारभार आहे. भलतंच पान राहतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून एलएफएसमध्ये फाइलला कुलूप लावायची सोय आहे: एक माणूस काम करतोय तोवर दुसऱ्याने हात लावायचा नाही.

आपल्याकडे रिबेस झालेला आहे

हे ऐकून 'आमच्या गावात असं काही नसतं' म्हणत असाल तर थांबा. हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळात साधारण दर दहा वर्षांनी पुनर्लेखन व्हायचं. जुनं पान भरलं की आजची स्थिती नव्या पानावर उतरवायची. हेतू चांगला, पान स्वच्छ. पण उतरवताना कुणाच्या बहिणीचं नाव राहिलं, कुणाचं क्षेत्र गुंठ्यांनी घटलं, कुणाचा 'इतर हक्क' गायब झाला. नंतर संगणकीकरणात तेच पुन्हा टाइप झालं आणि टायपिंगच्या चुकांची भर पडली.

अशा लेखनप्रमादासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये कलम १५५ आहे. तहसीलदाराकडे अर्ज करायचा, जुने उतारे आणि फेरफार जोडायचे. इथेच इतिहास शाबूत असण्याची किंमत कळते. फेरफार नोंदवही सापडली, तर राहिलेलं नाव परत येऊ शकतं. ती वाळवीने खाल्ली असेल, तर 'आधी नाव होतं' हे सिद्ध करायची जबाबदारी नाव गमावणाऱ्यावर येते, आणि बहुतेक वेळा त्याच्याकडे वकिलाची फी नसते.

माझ्या मते सार्वजनिक नोंदींसाठी नियम एकच असावा: चूक दुरुस्त करायची, पण नवी नोंद घालून. गिटमध्ये यालाच 'रिव्हर्ट' म्हणतात. जुनी चूक आणि तिची दुरुस्ती, दोन्ही दिसत राहतात. संकेतस्थळावरची पीडीएफ शांतपणे बदलून त्याच नावाने दुसरी ठेवणं, हा बिननोंदीचा रिबेस आहे, भले करणाऱ्याचा हेतू पान सरळ करण्याचा असो.

यासाठी किती खर्च येईल?

अपवादाची एक बाजू आधी बघू. नोंदीत कुणाची खासगी माहिती चुकून उघड झाली, तर ती इतिहासातूनही काढावी लागेल. गिटमध्ये त्यासाठी 'फिल्टर-रेपो'सारखी साधनं आहेत. पण त्याने पुढचे सगळे ठसे बदलतात, म्हणून ते जाहीर करून, तारीख सांगून करायचं काम आहे.

खर्चाचं म्हणाल, तर सगळं काही गिटवर नेण्याची गरज नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, त्यामागेही ठशाचंच गणित आहे. तसंच इथे करता येईल. ज्या दिवशी स्कॅन प्रसिद्ध केले, त्या दिवशी प्रत्येक फाइलचं नाव आणि ६४ अक्षरी ठसा, अशी यादी सोबत प्रसिद्ध करायची. एका ओळीला १०० बाइट धरले, तर ११,५३० नोंदींची यादी साधारण १.१५ एमबीत मावते. मोबाइलवरच्या एका फोटोएवढी. ती हजार लोकांच्या फोनमध्ये असेल, तर नंतर कुठलीही फाइल बदलली की कुणीही दोन मिनिटांत पकडेल. यादीसाठी जुना एसएचए-१ ठसा मात्र नको. २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने एकच एसएचए-१ ठसा असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ बनवून दाखवल्या होत्या. एसएचए-२५६ वापरायचा.

ठसा एवढंच सांगतो, की स्कॅन झाल्यानंतर फाइल बदललेली नाही. स्कॅन करण्याआधी मूळ पानावर कुणी पेन चालवला होता का, हे त्याला कळत नाही. त्यासाठी शाई तपासणारा, मोडी आणि उर्दू वाचणारा माणूस लागतो, आणि तपासायला ते मूळ पान शिल्लक असावं लागतं.