केसांच्या मुळावर आलेले उपाय

केस गळतात म्हटलं की घरातलं, शेजारचं आणि पार्लरमधलं उत्तर एकच: तेल कमी पडतंय. रात्री कोमट तेल चोळा, सकाळपर्यंत जिरू द्या, मुळांना पोषण मिळेल. पुरावा म्हणून आजीची कमरेपर्यंतची वेणी पुढे केली जाते. आजी जन्मभर खोबरेल लावत होती हे खरंच. पण त्याच बाटलीतलं तेल लावणाऱ्या आजोबांच्या डोक्याचं काय झालं, हे कुणी सांगत नाही.

तेलाची बाजू अगदीच पोकळ नाही. २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि केसातल्या प्रथिनांची झीज कमी करतं, असं त्यांना आढळलं. खोबरेल विकणाऱ्यांनीच हे तपासलं, एवढं लक्षात ठेवून ते मान्य करायला हरकत नाही. मात्र हा गुण केसाच्या दांडीपुरता. आपल्याला दिसतो तो केस नखासारखा निर्जीव असतो. जिवंत भाग कातडीच्या आत, आणि त्याला अन्न पोचतं रक्तातून. वरून ओतलेलं तेल केस मऊ ठेवेल, तुटू देणार नाही. मूळ पोसणं हे त्याचं कामच नाही.

कोंड्याच्या बाबतीत तर हा समज उलटाच अंगाशी येतो. खपल्या दिसल्या की डोकं कोरडं पडलंय असं ठरवून आणखी तेल थापलं जातं. कोंड्यामागे असते मॅलॅसेझिया नावाची बुरशी. ती सगळ्यांच्याच डोक्यावर राहते आणि कातडीतून स्रवणाऱ्या तेलावर जगते. प्रयोगशाळेत तिची वाढ करायची तर खाद्य म्हणून चक्क ऑलिव्ह तेल देतात! आपण तेच काम रविवारी रात्री घरी करतो. भांग पाडून उजेडात आरशात बघा. पिवळट, चिकट पापुद्रे आणि त्याखाली लालसर, खाजरी कातडी दिसली तर तेलाची बाटली बाजूला ठेवा. डॉक्टर बहुधा २ टक्के कीटोकोनॅझोलचा शांपू देतील, आठवड्यातून दोनदा लावायला. तो केसांना नव्हे, कातडीला चोळायचा आणि तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवायचा. फेस आला की लगेच पाणी ओतणाऱ्यांनी औषधाला नावं ठेवू नयेत.

आता दुसरी टोळी. हिला तेल जुनाट वाटतं. ती डोक्याच्या कातडीच्या ‘आरोग्या’साठी महागडी सीरम विकते आणि कातडी स्वच्छ झाली की टक्कल भरेल असं सुचवते. कातडी निरोगी हवीच. खाजवून खाजवून, सुजून केस जास्त जातात. पण पुरुषांचं नेहमीचं टक्कल हा अस्वच्छतेचा दंड नव्हे. अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवून दिलं की त्यामागे पुरुषी संप्रेरक आणि आनुवंशिकता यांची जोडी असते. हेल्मेटला शिव्या देऊन उपयोग नाही. इथे खरोखर काम करणारं मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध. रुग्णांच्या अंगावर केस वाढायला लागले तेव्हा त्याचा हा गुण कळला. सुरुवातीला त्याने गळती वाढल्यासारखी वाटते, फरक दिसायला चार-सहा महिने लागतात, आणि बंद केलं की मिळालेला फायदाही ओसरतो. जाहिरातीत ही तीन वाक्यं सहसा सापडत नाहीत.

कांद्याच्या रसाला मागे बगदादचा २००२चा एक छोटा अभ्यास आहे, पण तो चाईवरचा, आणि चाई पुष्कळदा आपोआपही भरून येते. गोटा केल्याने केस दाट येतात, हा समज तर १९२८ सालीच मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी दाढीचे केस तपासून खोडून काढला होता.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती वेळेच्या हिशोबात. डेंग्यूचा ताप, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, उपाशी राहून केलेलं डाएट यांचा फटका केसांना दोन-तीन महिन्यांनी बसतो. तोवर ताप विसरलेला असतो. दोष जातो गेल्या आठवड्यात बदललेल्या शांपूला नाहीतर बोअरच्या पाण्याला. ही गळती बहुतेकदा सहा महिन्यांच्या आत आपसूक थांबते, आणि श्रेय मिळतं त्या वेळी हाताशी असलेल्या तेलाला. आयुर्वेदिक, अ‍ॅलोपॅथिक, शेजारणीचं, कुठलंही असो.

कारण डोक्यावरच असेल असं धरून न चालण्याचा धडा बुलढाणा जिल्ह्याने दिला. जानेवारी २०२५मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काळवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस हाताने ओढताच निघू लागले; काही दिवसांत टक्कल. ‘टक्कल व्हायरस’ असं नावही पडलं. संशय पाण्यावर गेला, शांपूवर गेला, बुरशीवर गेला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी रुग्णांचं रक्त, लघवी, केस आणि ताटातला गहू तपासला आणि बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमवर. पुढे काहींची नखंही गळली. त्या गावांत कुणी कितीही तेल जिरवलं असतं, तरी काय झालं असतं?

म्हणून आधी निदान, मग बाटली. रोज पन्नास ते शंभर केस जाणं नैसर्गिक आहे. गळलेला केस बोटांत धरून टोक पाहा: पांढरी बारीक गाठ असेल तर तो मुळापासून सुटलाय, नसेल तर मध्येच तुटलाय. तुटणाऱ्या केसांनी घट्ट अंबाडा, वारंवार स्ट्रेटनिंग आणि ओल्या केसांत कंगवा घालणं सोडावं. तेलाचा उपयोग इथेच. मुळापासून जात असतील तर हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड तपासायला सांगतात का, हे डॉक्टरांना विचारा. आणि डोक्यावर आग होत असेल, पू येत असेल, किंवा केसांची छिद्रंच दिसेनाशी होऊन कातडी गुळगुळीत चकाकू लागली असेल, तर एक रविवारही तेलात घालवू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. व्रण धरून गेलेले केस परत येत नाहीत.