'टोळीयुद्ध' म्हणजे नेमकं कुणाचं?

आफ्रिकेत कुठे दंगल झाली की आपल्याकडचा मथळा ठरलेला: 'टोळीयुद्ध भडकले'. खाली 'शतकानुशतकांचे वैर' हेही ठरलेलं. पूर्व झांबियात चिपाटाला मी मास्तरकी केली, तेव्हापासून असं काही वाचलं की माझं डोकं फिरतं.

तिथले न्गोनी घ्या. फेब्रुवारीअखेर म्तेंगुलेनीला त्यांचा न्चवाला सण असतो. अंगावर कातडी, हातात ढाली आणि गाठीचे सोटे, पायांच्या दणक्याने नुसता धुरळा. शौर्यगीतं दक्षिणेकडच्या जुन्या बोलीत. तरुण पोरं ती तालात म्हणतात, अर्थ मात्र म्हाताऱ्यांना विचारावा लागतो. नाच आटोपला की मक्याच्या कणसांची घासाघीस चालते ती न्सेंगा या तिथल्या भाषेत.

हे असं का झालं? दक्षिण आफ्रिकेत शाकाच्या झुलूंनी न्द्वांद्वेंचा पाडाव केल्यावर त्यांच्या बाजूचा सरदार झ्वांगेंडाबा आपली माणसं घेऊन उत्तरेला निघाला. नोव्हेंबर 1835 मध्ये, सूर्यग्रहणाच्या दिवशी, त्यांनी झांबेझी नदी ओलांडली. वाटेत जिंकलेल्या गावांतली पोरं वयाप्रमाणे पलटणींत घातली, बायका घरात आणल्या. कुणाचा बाप कुठला, हे पलटणीत कोण विचारतो? सगळे न्गोनी झाले. घरात मात्र आईचं राज्य, त्यामुळे मुलं तिचीच भाषा, म्हणजे न्सेंगा, बोलू लागली. (फार पुरातन वाटणारा तो सणसुद्धा, 1898 मध्ये इंग्रजांनी न्गोनींना हरवल्यावर बंद पडला होता. पुन्हा सुरू झाला तो 1980 मध्ये.)

त्याच देशाच्या पश्चिम टोकाला उलटा प्रकार घडला. सेबेत्वानेचे कोलोलो दक्षिणेतल्या त्याच धुमश्चक्रीतून निसटले आणि 1840 च्या सुमारास झांबेझीच्या पूरमैदानातल्या लुयींवर राज्य करू लागले. 1864 मध्ये लुयींनी उठाव करून कोलोलो पुरुष कापून काढले. बायका राहिल्या, आणि कोलोलोंची भाषाही राहिली. पुढे लेसोथोहून आलेले मिशनरी सोथो पुस्तकं घेऊनच आले, म्हणजे शाळेतही तिचीच जवळची बहीण. आज लोझी म्हणवणारे त्या लुयींचे वंशज जी भाषा बोलतात, तिचा सांगाडा कोलोलोंचाच आहे.

इतक्या सरमिसळीत 'टोळी' कुठली आणि शतकांचं वैर कुणाचं? भांडणं तिथेही होतात, नाही कशाला म्हणू? पण ती बहुधा जमिनीची, मतांची, नोकऱ्यांची असतात. बातमीत ते लिहा की! कुठलं कुरण, कुठली निवडणूक, कुणाची भरती, हे शोधायला वेळ लागतो. 'टोळी' लिहायला लागत नाही.